लेसो : मिठासाठी जंगल जाळलेलं बेट

आपण आज डेन्मार्कला जाणार आहोत, पण कोपनहेगनला नाही. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्या मध्ये कॅटेगाट नावाचा उथळ समुद्र आहे आणि त्यात लेसो नावाचं एक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ११८ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम १८०० माणसांची. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या गावात यापेक्षा जास्त लोक राहतात. डेन्मार्कच्या उत्तर टोकाजवळ फ्रेडरिक्सहाउन हे बंदर आहे. तिथून फेरीबोट दीड तासात वेस्टेरो हाउनला सोडते. बेटावर तीनच मोठ्या वस्त्या आहेत. पश्चिमेला वेस्टेरो, पूर्वेला ओस्टरब्यू आणि मध्ये ब्युरुम.

या बेटाचे फोटो तुम्ही कदाचित पाहिलेही असतील. बुटकं, लाकडी चौकटीचं घर आणि त्याच्यावर करड्या रंगाचं, मीटरभर जाड, झिपऱ्या सोडल्यासारखं लोंबणारं छप्पर. घरानं डोक्यावर मोठं घोंगडं घेतलंय असं वाटतं. लोक म्हणतात, किती गोंडस, परीकथेतलं घर! मला त्या फोटोंखालचं हे कौतुक थोडं खटकतं, कारण ते छप्पर हौसेनं घातलेलं नाही. बेटावर झाड उरलं नव्हतं म्हणून ते आलं. आणि झाडं का उरली नव्हती, तर मिठासाठी. ही सगळी साखळी आज नीट उलगडू या.

सुरुवात जमिनीपासून. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर बर्फाचा प्रचंड थर होता. त्या वजनानं जमीन खाली दबली. बर्फ वितळला तशी ती हळूहळू वर येऊ लागली, आणि अजूनही येते आहे. गादीवरून उठल्यावर गादी सावकाश फुगते, तसंच हे, फक्त हजारो वर्षं चाललेलं. लेसो हे बेट असंच समुद्राच्या तळातून वर आलं. भूगर्भाच्या हिशोबानं अगदी तान्हं, चार-पाच हजार वर्षांचं. म्हणून तिथं डोंगर नाहीत, कडे नाहीत. वाळू, माळ, गवताळ दलदल आणि उथळ किनारा. दक्षिणेकडे तर जमीन आणि पाणी यांच्यात नेमकी रेघ ओढणं कठीण. त्या भागाला रॉनर्न म्हणतात. मैलोन्‌मैल सपाट गवत, त्यात चरणारी गुरं आणि मेंढ्या, असंख्य पक्षी. समुद्र वीतभर चढला तरी पाणी आत दूरवर पसरतं.

आणि नेमकी हीच सपाटी बेटाच्या नशिबाला कारण झाली. उन्हाळ्यात या कुरणांवर समुद्राचं पाणी चढतं, उथळ पसरतं आणि ऊन-वाऱ्यानं त्यातलं बरंच उडून जातं. मागे राहिलेलं पाणी जास्त खारट, म्हणून जास्त जड. ते वाळूत झिरपतं. वाळूखाली चिकणमातीचा थर आहे, तो पाण्याला आणखी खाली जाऊ देत नाही. वर पावसाचं गोडं पाणी आलं तरी जड खारं पाणी तळाशी बसून राहतं. वर्षानुवर्षं हे चाललं की वाळूत जणू मिठाच्या पाण्याची टाकीच तयार होते. कॅटेगाटच्या वरच्या पाण्यात साधारण दोन-अडीच टक्के मीठ असतं. रॉनर्नच्या वाळूत खड्डा खणला तर १५ टक्क्यांपर्यंत खारट पाणी लागतं.

आता इथं थोडं गणित करू, कारण सगळी गोष्ट या गणितावर उभी आहे. एक किलो मीठ हवंय. अडीच टक्क्यांचं समुद्राचं पाणी घेतलं तर ४० किलो पाणी लागेल आणि त्यातलं ३९ किलो उकळून उडवावं लागेल. तेच १५ टक्क्यांचं पाणी घेतलं तर सात किलोच्या आतच काम होतं आणि सहा किलोपेक्षा कमी पाणी उडवावं लागतं. म्हणजे सरपण जवळजवळ सातपट कमी. लेसोच्या लोकांना निसर्गानं दिलेली ही मोठीच सवलत.

माझं आजोळ उरणकडचं. त्यामुळे मीठ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर खाजणातले वाफे, बांध आणि उन्हात चकाकणाऱ्या पांढऱ्या राशी येतात. आगर या शब्दावरून ज्यांना आगरी म्हणतात, त्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या यात गेल्या. तुमच्यापैकी जे बडोद्याहून, अहमदाबादहून ऐकताय, त्यांना कच्छचं छोटं रण ठाऊक असेल. तिथले अगरिया तर लेसोसारखंच करतात. समुद्राचं पाणी न घेता जमिनीखालचं जास्त खारं पाणी उपसतात. पण पुढचं काम आपल्याकडे सूर्य करतो, फुकटात. लेसो आहे ५७ अंश उत्तरेला. तिथला उन्हाळा वाळूत खारं पाणी साठवण्यापुरता पुरतो, मीठ वाळवण्यापुरता नाही. तिथं मीठ पिकत नाही, ते शिजवावं लागतं. आणि शिजवायचं म्हणजे चूल आली, चूल म्हणजे लाकूड आलं.

मग लोकांनी काय केलं? खाऱ्या पाण्याच्या विहिरींजवळ झोपड्या उभारल्या. आत जमिनीत खड्ड्याची चूल, तिच्यावर टांगलेली मोठी, पसरट लोखंडी कढई. पाणी ओतत राहायचं, जाळ चालू ठेवायचा, मीठ तळाशी बसू लागलं की ओढून काढायचं आणि निथळायला टोपल्यांत भरायचं. हे काम १२व्या शतकाच्या आसपास सुरू झालं आणि १७व्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षं चाललं. गंमत बघा, या काळातही जमीन वर येतच होती, किनारा पुढे सरकत होता. त्यामुळे खारं पाणीही दक्षिणेकडे सरकत गेलं आणि त्याच्यामागे झोपड्याही. आज त्या कुरणांत फिरताना मातीचे बुटके उंचवटे दिसतात. ते सगळे झोपड्यांचे अवशेष. असे अवशेष शेकड्यांनी सापडले आहेत. ऑर्हूस विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ येन्स वेलेव यांनी त्यांच्यावर फार चिकाटीनं काम केलं.

एवढं मीठ कुणाला हवं होतं? सगळ्यांनाच. शीतकपाट नसलेल्या जगात मीठ म्हणजे हिवाळाभराचं अन्न. त्यात मध्ययुगीन चर्चचे उपासाचे दिवस खूप, त्या दिवशी मांस वर्ज्य, मग खारवलेला हेरिंग मासा. डेन्मार्कच्या पाण्यात हेरिंग भरपूर, पण मीठ बहुतेक जर्मनीतल्या ल्युनेबुर्गहून, ल्युबेकच्या व्यापाऱ्यांच्या हातून यायचं. अशा वेळी घरच्या बेटावर मीठ मिळतंय म्हटल्यावर कोण सोडणार? लेसोची मालकी विबोर्ग इथल्या कॅथेड्रलच्या धर्मगुरूंच्या मंडळाकडे होती. बेटाचा सारा मिठाच्या रूपात वसूल व्हायचा. म्हणजे शिजवायचं की नाही, किती शिजवायचं, हा प्रश्न बेटावरच्या माणसाच्या हातात फारसा नव्हताच. हे मला महत्त्वाचं वाटतं. “बेटावरच्या लोकांनी मूर्खपणानं आपलं जंगल जाळलं” अशी गोष्ट सांगणं सोपं असतं. पण सारा भरायचा होता आणि तो मिठात भरायचा होता.

आता त्या सातपट सवलतीकडे पुन्हा बघा. शास्त्राप्रमाणे सहा लिटर पाणी उडवायला साधारण एक किलो कोरडं लाकूड पुरेसं आहे. पण ते कागदावर. उघडी कढई, ओलसर लाकूड, वाऱ्यानं इकडेतिकडे जाणारी धग, यात प्रत्यक्षात कितीतरी पट जास्त जळतं. एका किलो मिठामागे काही किलो लाकूड धरा. मग टनामागे किती? आणि शेकडो चुली? आणि पाचशे वर्षं? तेही एवढ्याशा बेटावर, जिथं नवं झाड वाऱ्याशी झगडत सावकाश वाढतं. सवलत होती म्हणूनच उद्योग एवढा फोफावला, आणि फोफावला म्हणूनच जंगल संपलं.

१६५२ साली लेसोवर मीठ शिजवायला बंदी आली. तोवर बेट जवळपास उघडं पडलं होतं. झाडांची मुळं गेली तशी वाळू मोकळी झाली. वारा तिला शेतांवर नेऊन टाकू लागला, टेकड्या बनवू लागला, पिकं गाडू लागला. बेटाच्या उत्तरेला आजही हॉयसांदे नावाच्या उंच वाळूच्या टेकड्या दिसतात. पर्यटक तिथं छान फोटो काढतात. पुढे २०व्या शतकात वाळू थोपवण्यासाठी पाइनसारखी झाडं मुद्दाम लावली. आज बेटावर जे जंगल दिसतं त्याचा बराचसा भाग म्हणजे ही लागवड.

मधली अडीचशे-तीनशे वर्षं मात्र कठीण होती. मीठ नाही, लाकूड नाही, शेतात वाळू. पुरुष जहाजांवर कामाला जाऊ लागले. वसंतात निघायचे ते थंडीच्या तोंडाशी परतायचे, काही परतायचेच नाहीत. मागे शेती बायकांकडे. नांगरणी, पेरणी, कापणी, गुरं, घर, सगळंच. डेन्मार्कमध्ये लेसोच्या बायकांचं खंबीर म्हणून नाव आहे, ते या काळातून आलेलं. त्यांचा चांदीच्या दागिन्यांनी मढलेला पारंपरिक पोशाख तिथल्या संग्रहालयात बघायला मिळतो. तो पाहून बेट श्रीमंत असावं असं वाटतं. मला तो पोशाख पाहताना या बायकांच्या हातांचा विचार जास्त आला.

घर बांधायला लाकूड नव्हतं, पण समुद्र ते आणून देत होता. लेसोच्या भोवती उथळ वाळूचे बांध आहेत. बाल्टिकमधून बाहेर पडणारी जहाजं कॅटेगाटमधून जायची आणि वादळात इथं रुतायची, फुटायची. त्या जहाजांच्या तुळया, फळ्या, डोलकाठ्या घरांना लागल्या. जुन्या घरात वर पाहिलं तर वाशांवर कसलीतरी भोकं आणि खाचा दिसतात, ज्यांचा त्या घराशी काहीच संबंध नसतो. ते जहाजाच्या सुतारानं केलेलं काम.

राहिलं छप्पर. डेन्मार्कात इतरत्र शाकारणीला गव्हाचा-रायचा पेंढा किंवा बोरूसारखं गवत वापरत. लेसोच्या वाळूत पेंढा मिळेना, मिळेल तो गुरांना हवा. मग पुन्हा समुद्र. उथळ पाण्यात तिथं ईलग्रास नावाची वनस्पती उगवते. सोयीसाठी सगळे तिला समुद्री शेवाळ म्हणतात, पण ती शेवाळ नव्हे. तिला मुळं असतात, फुलं येतात, बिया धरतात. हे खरोखरीचं समुद्रगवत आहे, लांब फितीसारख्या पानांचं. आपल्या देशातही समुद्रगवताची कुरणं आहेत. तंजावरकडे जे मराठी कुटुंबांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत, त्यांच्या जवळच्याच किनाऱ्यावर, पाल्कच्या उपसागरात, ही कुरणं आहेत. समुद्रगाय म्हणजे डुगाँग त्यांवर जगते आणि तिच्यासाठी २०२२ साली तामिळनाडूनं ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं.

तर वादळानंतर लेसोच्या किनाऱ्यावर ईलग्रासचे ढीग येऊन पडत. ते गाड्यांत भरून शेतात आणायचे, पसरायचे, उलटायचे. पावसानं धुतले जाऊन, वाऱ्यानं वाळून महिन्यांनंतर ते कामाजोगे होत. मग शाकारणीचा दिवस. त्या दिवशी गावभरच्या बायका जमत. पन्नास, कधी शंभरापर्यंत, असं तिथं सांगतात. ईलग्रासला पीळ घालून मनगटापेक्षा कितीतरी जाड असे लांब दोर वळायचे आणि ते वळचणीकडच्या सगळ्यात खालच्या रिपांना करकचून गुंडाळायचे. हा खरा कौशल्याचा भाग. कारण वरचं सगळं ओझं या दोरांच्या ओळींवर टेकतं. त्यावर मोकळं ईलग्रास थरावर थर टाकायचं, माणसांनी वर चढून तुडवायचं, पुन्हा टाकायचं. आढ्यावर गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळं दाबायची. एका छपराचं वजन ३५-४० टनांपर्यंत जातं.

कोकणात दरवर्षी पावसाआधी घर शाकारायचे दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे ऐकून नवल वाटेल, की हे छप्पर एकदा घातलं की दोनशे-तीनशे वर्षं टिकतं. त्याचं कारण पुन्हा मीठच. ईलग्रासमध्ये समुद्राचे क्षार मुरलेले असतात, त्यामुळे ते कुजत नाही, त्याला कीड फारशी लागत नाही आणि ते सहजी पेटत नाही. काळ जाईल तसं ते दबून घट्ट होतं. मी ब्युरुमजवळच्या संग्रहालय-वाड्यात अशा छपराची कड हातानं दाबून पाहिली. गवतासारखं अजिबात लागत नाही. जुन्या वाळक्या मुळासारखं, कडक. वर चक्क गवत आणि रानफुलं उगवलेली. आत मात्र कोरडं आणि उबदार. उन्हाळ्यात गार राहतं म्हणे. मी गेले तेव्हा मे महिना होता आणि मला स्वेटर काढावासा वाटला नाही, त्यामुळे ते मी ऐकीव म्हणूनच सांगते.

१८व्या शतकाच्या अखेरीस बेटावर अशी सुमारे अडीचशे घरं होती, असं मानतात. आज मोजकीच उरली आहेत. काही कौलं आणि पेंढा परवडू लागल्यामुळे गेली, तो भाग कुठल्याही गावासारखाच. पण मोठा घाव १९३०च्या दशकात बसला. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर ईलग्रासवर रोग पडला. पानं काळी पडून गळू लागली. लॅबिरिंथुला नावाचा सूक्ष्मजीव याला कारणीभूत होता, असं संशोधक मानतात. १९००च्या सुमारास डेन्मार्कच्या समुद्रात हजारो चौरस किलोमीटर कुरणं होती, त्यांतली बहुतेक काही वर्षांत नाहीशी झाली. पुढे काही परतली, पण पूर्ववत नाही. शेतांतली खतं वाहून समुद्रात जातात, पाणी हिरवं-गढूळ होतं, तळापर्यंत उजेड पोचत नाही. गवतच ते, उजेडाशिवाय कसं जगेल?

आणि तीनशे वर्षं टिकणाऱ्या छपरालाही डागडुजी लागते. किनाऱ्यावर सामान नाही म्हटल्यावर दोर वळणं थांबलं, आणि दोन पिढ्यांत ते येणारे हात राहिले नाहीत. हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात चटका लावणारं वाटतं. पेंढ्याच्या शाकारणीचं कसब दरवर्षी लागतं, म्हणून ते टिकतं. जे दोनशे वर्षांत एकदाच करायचं, ते शिकवायचं कुणी आणि कधी?

अलीकडच्या काळात लेसोवर या घरांची दुरुस्ती पुन्हा सुरू झाली आहे. कारागिरांनी जुनी छपरं उलगडून, थर वेगळे करून पाहत, दोर कसे वळले होते ते शोधून काढलं. ईलग्रास मात्र बरंचसं डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या बेटांवरून आणावं लागतं. शिवाय २०१३ साली रिआलडानिया या संस्थेच्या पुढाकारानं आणि वाण्डकुन्स्टेन या वास्तुरचनाकारांच्या कल्पनेतून तिथं एक नवं घर उभं राहिलं. त्यात ईलग्रास जाळीच्या लांब पिशव्यांत भरून छपराला आणि भिंतींना लावलंय. उशांच्या रांगा लावाव्यात तसं ते दिसतं. भिंतींच्या आतही उष्णतारोधक म्हणून तेच भरलंय. झिपऱ्या सोडलेलं जुनं रूप मला जास्त आवडतं, पण दहाबारा माणसांना काही दिवसांत करता येईल असं तंत्र हवं असेल तर ही वाट शहाणपणाची दिसते. शंभर बायका आता कुठून आणणार?

आणि मीठ? १९९१ साली उत्खननातून मिळालेल्या माहितीवरून लेसोवर एक मिठाची झोपडी पुन्हा उभारली. ती आजही चालू आहे. दार ढकलून आत गेलं की धूर आणि वाफ, डोळे चुरचुरतात, काही दिसत नाही. मग हळूहळू कढई दिसू लागते आणि लांब दांड्याच्या फावड्यानं मीठ ओढणारा माणूस. सरपण आता बेटावरच्या लागवडीच्या जंगलातून हिशोबानं येतं. मीठ छोट्या कापडी पिशव्यांतून विकतात आणि कोपनहेगनच्या हॉटेलांतही ते जातं. वेस्टेरोमधलं एक जुनं चर्च तर आता खाऱ्या पाण्याच्या स्नानासाठी वापरतात, सोरायसिससारखे त्वचेचे आजार असलेले लोक तिथं येतात.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच तर मे ते सप्टेंबरच्या दरम्यान जा आणि बेटावर सायकल भाड्यानं घ्या, सगळं सपाटच आहे. वाटेत संग्रहालय-वाडा बघा. मिठाच्या झोपडीत थोडं जास्त थांबा, आणि तिथून रॉनर्नच्या कुरणात चालत जा. पायाखाली मातीचा एखादा बुटका उंचवटा लागेल, त्यावर उभं राहून उत्तरेकडे वळून बघा. समोर जी झाडांची रांग दिसेल, ती १६५२ मध्ये तिथं नव्हती.